कुकडीच्या उगमाकडे : आमची पावसाळी अभ्याससहल

(इयत्ता सातवी)

आमच्या गावाला कुकडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. कालव्याला आवर्तन सुटले की गावात दुसरा विषय नसतो. पाळी कोणाची, दार कोणी उघडले, कोणी फोडले, यावरून भाऊ-भाऊ भांडतात. आमचा कांदा, ऊस आणि जनावरांचा चारा सगळे त्या पाण्यावर आहे. पण हे पाणी येते कुठून, असे गुरुजींनी वर्गात विचारले तेव्हा सगळ्यांचे एकच उत्तर : "धरणातून." गुरुजी म्हणाले, "आणि धरणात?" मग वर्ग गप्प झाला. म्हणून यंदा श्रावणात आमची एक दिवसाची सहल कुकडी नदीच्या खोऱ्यात, थेट नाणेघाटापर्यंत गेली. तिथे काय पाहिले व काय शिकलो ते या लेखात लिहीत आहे.

१. वाट आणि खोरे

पहाटे पाचला एस.टी. शाळेपुढे उभी होती. आमच्या बाजूला त्या दिवशी नुसते आभाळ होते, पाऊस नव्हता. बाजरीला पाणी हवे म्हणून माणसे वर बघत होती. जुन्नरला पोचलो तेव्हा भुरभुर सुरू झाली. डावीकडे शिवनेरी किल्ला धुक्यात अर्धा बुडालेला होता. याच किल्ल्यावर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बसमधूनच सगळ्यांनी हात जोडले.

जुन्नरच्या पश्चिमेला आपटाळे, चावंड, मग पूर गावातले कुकडेश्वर आणि पुढे घाटघर अशी वाट आहे. वाटेत माणिकडोह धरणाचे पाणी लांबपर्यंत दिसते. हे धरण कुकडीवरच आहे. त्याच्या खाली येडगावचे धरण, आणि येडगावहून आमचा कालवा निघतो. कुकडी प्रकल्पात एकूण पाच धरणे आहेत : माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा. वडज मीना नदीवर आहे, डिंभे घोड नदीवर. म्हणजे आमच्या पाटाच्या पाण्यात एकट्या कुकडीचे नव्हे, शेजारच्या नद्यांचेही पाणी असते.

खोरे म्हणजे काय ते पुस्तकात पाठ केले होते. इथे डोळ्यांनी पाहिले. दोन्ही बाजूंना डोंगराच्या रांगा, मधे उतरती जमीन, आणि दोन्हीकडचे ओढे धावत येऊन मधल्या नदीला मिळतात. जणू मोठे सूपच. सुपात पडलेला पाऊस जसा तोंडाकडे येतो, तसा खोऱ्यातला पाऊस नदीकडे येतो.

२. कुकडेश्वर

पूर गावात कुकडेश्वराचे दगडी, कोरीव कामाचे जुने देऊळ आहे. कुकडीचा उगम इथे मानतात. देवळाजवळून वाहणारे पाणी एवढेसे होते की आमच्यातल्या लहान मुलांनीही उडी मारून ओलांडले असते. हीच नदी खाली निघोजला जाते आणि तिथल्या कातळात रांजणखळगे पाडते. पुरात आलेले दगडगोटे पाण्याच्या भोवऱ्यात गरगर फिरतात, कातळ घासला जातो आणि हजारो वर्षांत रांजणासारखे खोल खड्डे तयार होतात. पुढे कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

३. आवणी आणि एक आजी

घाटघरच्या अलीकडे भाताच्या खाचरांत आवणी चालू होती. भात आपल्याकडच्या बाजरीसारखे सरळ पेरत नाहीत. आधी थोड्या जागेत पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. तिथे रोपे तयार करतात. मग खाचरात पाणी अडवून चिखल करतात आणि एक एक चूड हाताने लावतात. बायका वाकून मागे मागे सरकत लावत होत्या. बहुतेकींच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद होता. एका आजींच्या पाठीवर मात्र बांबूच्या कामट्यांचे व पानांचे इरले होते. इरले असले की दोन्ही हात मोकळे राहतात.

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती जास्त आहे. भात, नागली आणि रानातला हिरडा यांवर त्यांचा संसार चालतो. हिरडा औषधाला लागतो.

मी आजींना म्हटले, "आजी, तुमचं बरं आहे. आमच्याकडे पाऊस नाही, तुमच्याकडे किती पाणी!"

आजी कंबर सरळ करून हसल्या. म्हणाल्या, "आत्ता बघतोस ना बाळा, मंग शिमगा झाल्यावर ये. ह्यो वढा दिसतोय ना, त्यात दगडं वाळत पडत्यात. हंडा घेऊन लांब खाली जावं लागतं. पानी आमच्या दारावरनं जातं, पन आमच्यासाठी थांबत न्हाई."

आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मग धरण तर जवळच आहे?" आजी म्हणाल्या, "धरन खाली, आमी वर."

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्या शेतात मार्चमध्ये जे पाणी येते ते यांच्या दारावरून आलेले असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

४. इतका पाऊस इथेच का?

नाणेघाटाला पोचल्यावर प्रयोगाचे डबे काढले. सरळ कडांचे दोन सारखे डबे होते. एक सकाळी शाळेच्या अंगणात ठेवला होता, दुसरा इथे उघड्यावर ठेवला. तासाभरात इथल्या डब्यात बोटाचे एक पेर भरून पाणी साचले. संध्याकाळी शाळेतला डबा पाहिला तर त्याचा तळही धड भिजला नव्हता. एकाच दिवशी, एकाच नदीच्या खोऱ्यात, एवढा फरक!

याचे कारण असे. पावसाळ्यात वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. कोकण सखल आहे, पण सह्याद्री भिंतीसारखा एकदम उभा राहतो. वाऱ्याला वर चढावेच लागते. वर हवा थंड असते. साधारणपणे हजार मीटर वर गेले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात आणि डोंगरावर धो धो पाऊस पडतो. याला प्रतिरोध पाऊस म्हणतात. डोंगर ओलांडून वारे पूर्वेला उतरतात तेव्हा ते गरम होतात, आणि त्यांच्यात बाष्पही कमी उरलेले असते. म्हणून आमचे गाव कोरडे. आम्ही पर्जन्यछायेत राहतो. छाया म्हटले की बरे वाटते, पण ही छाया तशी नाही.

५. उलटा धबधबा

नाणेघाटाच्या कड्यावरून पाणी खाली पडण्याऐवजी वर उडते! आमच्यातल्या काहींना भुताटकी वाटली. गुरुजींनी समजावले की पाणी आपला नियम सोडत नाही. ते खालीच जाऊ पाहते. पण कोकणातून येणारा जोराचा वारा कड्यावर आपटून वर चढतो, आणि पाण्याच्या बारीक तुषारांना उचलून मागे फेकतो. थोडा वेळ वारा पडला तेव्हा तोच धबधबा मुकाट्याने खाली पडू लागला. सगळ्यांनी ते पाहिले.

कड्याजवळ जायला सक्त बंदी होती. एकमेकांचे हात धरून, गुरुजींच्या मागे, लांबूनच पाहिले. पावसात कातळावर शेवाळ असते आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही. काही मोठी माणसे फोटोसाठी अगदी टोकावर उभी होती. आमच्या गुरुजींनी त्यांना हाक मारून मागे बोलावले.

या घाटमाथ्यावर पाण्याची वाटणी होते. पश्चिमेकडे पडलेला थेंब कोकणात उतरतो आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जातो. पूर्वेकडे चार पावले पडलेला थेंब कुकडीतून बंगालच्या उपसागराला जातो. वारा कुठे ढकलेल तिकडे त्याचे नशीब.

६. दोन हजार वर्षांपूर्वीची वाट

नाणेघाट हा सातवाहन राजांच्या काळातला व्यापारी मार्ग. कल्याण, सोपारा या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून हा घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. वर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. निघोजचा रांजण पाण्याने कोरला, हा माणसाने कोरला.

घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेली लेणी आहे. पावसापासून आसरा म्हणून आम्ही तिथेच भाकरी सोडली. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा शिलालेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा तो लेख असून त्यात यज्ञ व दाने यांची माहिती आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावे व पायांच्या खुणाच उरल्या आहेत.

गणित आवडणाऱ्यांसाठी खास गोष्ट : दान किती दिले ते लिहिताना लेखात अंक वापरले आहेत. भारतातील अगदी जुन्या अंकांपैकी ते आहेत. त्यांत शून्य नाही! म्हणून दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा कराव्या लागल्या. शून्य असल्याने आपले काम किती सोपे झाले पहा.

लेणीजवळ कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. चढून आलेल्या माणसाजनावरांची तहान त्यांनी भागवली असेल. शेजारच्या जीवधन आणि चावंड या किल्ल्यांवरही अशी टाकी आहेत. चावंडला तर एकत्र सात आहेत. आजींचे बोलणे मला इथे आठवले. जुन्या लोकांनाही तीच अडचण होती : पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही. त्यांनी कातळ खोदून थांबवले.

७. पाणी थांबत का नाही?

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हारसाचा आहे. थरावर थर साचून तो काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झाला. म्हणूनच डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हा कातळ घट्ट असतो. पाणी फक्त भेगांमधून मुरते. वरची माती पातळ आणि उतार तीव्र, म्हणून बहुतेक पाणी घसरून धरणात जाते. झाडे व गवत असेल तर पाणी हळू होते, थोडे मुरते आणि झरे जास्त दिवस टिकतात.

माती सुटली की संकटही येते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचून गाडले गेले. १५१ माणसे गेली. सलग जोराच्या पावसाने माती पाणी पिऊन जड झाली आणि घसरली. बाहेरच्या जगाला पहिली खबर एस.टी.च्या चालकाने दिली, कारण त्याला रोजचे गाव जागेवर दिसले नाही. हे गुरुजी सांगत होते तेव्हा बसमध्ये कोणी बोलले नाही. डोंगरात नवी भेग दिसली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ झाले, तर तिथे थांबू नये, लगेच मोठ्यांना सांगावे, हे आम्ही वहीत लिहून घेतले.

८. आम्ही काय ठरवले

परत येताना वर्गात चर्चा झाली. काही मुले म्हणाली, पाऊस त्यांच्याकडे पडतो तर पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. काही म्हणाली, कालवा नसता तर आपल्याला गाव सोडून जावे लागले असते. गुरुजींनी निकाल दिला नाही. "दोन्ही खरे आहे, म्हणूनच अवघड आहे," एवढेच म्हणाले. मला वाटते, निदान आपण वाया घालवू नये. रात्री पाट फुटून पाणी रस्त्यावर वाहते तेव्हा ते कुणाच्या दारावरून आलेले आहे हे आठवावे. पालकांनीही हे वाचून घरी बोलावे ही विनंती.

करून पाहा

दोन पाट्या घ्या. दोन्हींत सारखी माती भरा. एकीत गवत लावा व आठ दिवस वाढू द्या. मग दोन्ही सारख्या तिरप्या ठेवून त्यांवर एक एक तांब्या पाणी झारीने ओता. खाली जमलेले पाणी वेगवेगळ्या भांड्यांत घ्या. कोणते पाणी जास्त गढूळ? कोणते आधी आले? उत्तर लिहून भित्तिपत्रकाच्या खालच्या पेटीत टाका.

नवे शब्द

आवणी – भाताची रोपे खाचरात लावणे.
खाचर – बांध घालून पाणी अडवलेले भाताचे शेत.
इरले – पाठीवर घ्यायचे पानांचे पावसाळी आच्छादन.
पर्जन्यछाया – डोंगराच्या आडोशामुळे कमी पावसाचा प्रदेश.

प्रश्न

(१) आपल्या कालव्याचे पाणी कोणकोणत्या नद्यांचे आहे?
(२) नाणेघाटाच्या लेखातील अंकांत काय नाही?
(३) घाटघरला पाऊस जास्त असूनही उन्हाळ्यात पाणी का कमी पडते?
(४) तुमच्या घरी एका दिवसात किती हंडे पाणी लागते? मोजून लिहा. हे उत्तर आईला विचारूनच लिहावे, कारण मोजदाद तिलाच पाठ असते.