टर्बो बसवला, पंप वाढवला. पण तपासला का?



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरची डागडुजी सुरू होते. "पंप वाढवून घ्या, टर्बो बसवा, चढाला दम टाकणार नाही," असा सल्ला तेव्हा गॅरेजवर हमखास मिळतो. ताकद वाढते हे खरं. पण हवा आणि डिझेल यांचा मेळ तपासला नाही, तर भर हंगामात पिस्टन जळतो. मग ट्रॅक्टर फडात, टोळीची उचल अंगावर आणि बँकेचा हप्ता डोक्यावर! म्हणून हा पाठ.

टर्बो काय करतो?

सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा दाबून भरतो. या जादा दाबाला 'बूस्ट' म्हणतात. १ लिटर डिझेल पुरतं जळायला किमान १२ किलो, म्हणजे सुमारे १० घनमीटर हवा लागते. धूर न होता जळायचं तर याहून बरीच जास्त. हवा न वाढवता नुसतं डिझेल वाढवलं, की गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळण कोंबल्यावर निघतो तसा काळा धूर निघतो. फरक एवढाच, की चुलवाण मंदावतं, इंजिन मात्र तापतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी पिस्टन मऊ पडू लागतो.

टर्बो लावलेल्या पेट्रोल मोटारीचं गणित उलटं असतं. तिथं बूस्ट वाढवल्यावर इंधन कमी पडलं, तर इंजिन ठोके मारतं आणि पिस्टन फुटतो. डिझेलमध्ये धोका इंधन जास्त झाल्याचा. म्हणून मोटारीच्या मिस्त्रीचा ठोकताळा ट्रॅक्टरला लावू नये.

तपासणी कशी करावी?

१) आधी एअर क्लिनर साफ करा. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज आणि क्लिपा बघा. जिथं तेलकट डाग, तिथून बहुधा हवा गळते.

२) मॅनिफोल्डला बूस्टचा मीटर आणि टर्बोच्या आधी धुराच्या उष्णतेचा मीटर बसवून घ्या. भरल्या ट्रॉलीने चढावर चाचणी घ्या. रिकाम्या ट्रॅक्टरची चाचणी कामाची नाही. मीटर शेजारच्या माणसाने वाचावा, चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

३) बूस्ट कमी आणि धूर काळा, तर हवा गळते, क्लिनर तुंबलाय किंवा टर्बो बिघडलाय. बूस्ट बरोबर आणि तरी धूर काळा, तर पंप जास्त सोडतोय किंवा नोजल खराब आहे. बूस्ट ठरल्यापेक्षा जास्त, तर दाब सोडणारी झडप अडकली असेल किंवा डिझेल फार वाढवलंय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबताना क्षणभर काळं निघालं तर चालेल; चढभर निघत राहिलं तर नाही.

४) उष्णता ७०० अंशांच्या आसपास टिकून राहू लागली, की ॲक्सिलरेटर सोडा आणि खालचा गिअर टाका. मग पंप कमी करून घ्या. हे काम अंदाजाने स्क्रू फिरवून नव्हे, पंपाच्या टेस्ट बेंचवर करावं.

५) टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑईलवरच तगतो. ऑईल वेळेवर बदला. ओढ संपल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन मंद चालवूनच बंद करा.

शेवटची गोष्ट. पंप वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. चढ चढवणारी ताकद उतारावर वाचवत नाही. मुळात टर्बोसाठी न बनवलेल्या इंजिनाचे पिस्टन आणि बेअरिंगही तेवढा भार सोसतीलच असं नाही. शिवाय नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे परवानगीशिवाय करता येत नाही. तेव्हा मूळचा पंप मूळच्या मापावर ठेवणं आणि ट्रॉलीत बेताचा ऊस भरणं, हाच सर्वांत स्वस्त उपाय. ज्यांनी बदल आधीच केलाय, त्यांनी पहिली खेप भरण्याआधी वरच्या पाच गोष्टी तपासून घ्याव्यात, ही विनंती.