बांध मोबाइलवर ठरत नाही

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांचा मुलगा मोबाइल हातात धरून आमच्या बांधावर आला. "दादा, बघा, हद्द तुमच्या जांभळीच्या आत येते." त्याने गटाचा नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर बसवला होता आणि लाल रेघ खरंच आमच्या वावरातून जात होती. महिनाभरात दोन्ही घरांतलं येणं-जाणं थांबलं. पुढे मोजणी झाली, तेव्हा हद्दीच्या खुणा जुन्या बांधाला लागूनच पडल्या.

पोरगा लबाड नव्हता. स्क्रीनवरची रेघ इतकी बारीक नि ठाम दिसते की कुणालाही ती खरी वाटावी. पण मोबाइलवर आपल्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं, तिकडे बघा. 'तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात' एवढंच तो नकाशा सांगत असतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण 5 मीटर धरतात, झाडाखाली ती आणखी वाढते. बांध 100 मीटर लांब असेल, तर 5 मीटरच्या फरकाने 500 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 5 गुंठे इकडचे तिकडे होतात! नकाशा बोटांनी कितीही मोठा करा, चूक तेवढीच राहते.

त्यात गावचे जुने नकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले. तो कागद आकसतो, फाटतो. त्यावरून केलेली संगणकातली आकृती छायाचित्रावर तंतोतंत बसेल कशी? डोंगराळ भागात तर छायाचित्रही जागचं सरकलेलं असू शकतं.

मोबाइलचा नकाशा जरूर वापरा. लगतचे गट कोणते, रस्ता कुठून येतो, विहीर अंदाजे कुठे पडते, हे त्यात छान कळतं. जमीन घेण्याआधी तर बघावंच. मात्र हद्दीचा प्रश्न आला की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. हल्ली रोव्हर या उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या यंत्राने मोजतात, त्यात फरक सेंटीमीटरांवर येतो. मोजणीनंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात घ्या. निकाल पटला नाही, तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते.

लगतच्या खातेदारांनाही मोजणीची नोटीस जाते, पण नोटिशीच्या आधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगा. आणि मोजणीच्या दिवशी दोघंही बांधावर हजर राहा.