दीर्घकालीन श्वसनविकार : रुग्णशिक्षण हाही उपचारच

सी.ओ.पी.डी. या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण. तथापि विडीस कधी स्पर्शही न केलेल्या, परंतु चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांनाही तो जडतो. हा विकार पूर्णतः बरा होत नाही. रुग्ण डॉक्टरांसमोर वर्षातून काही तासच असतो. उरलेला काळ तो घरी असतो. म्हणून पुढील बाबी रुग्णाने व कुटुंबीयांनी शिकून घेणे अगत्याचे आहे.

१) इन्हेलर : इन्हेलरची सवय लागते, हा गैरसमज होय. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने अल्प मात्रा पुरते. पंपास स्पेसर जोडावा, श्वास सावकाश आत घ्यावा व सुमारे १० सेकंद रोखावा. स्टेरॉइडयुक्त औषधानंतर चूळ भरावी.

२) श्वसन व चालणे : धाप लागल्यास नाकाने श्वास घ्यावा आणि फुंकर घालावी तसा ओठांतून सावकाश सोडावा. धापेच्या भीतीने बसून राहिल्यास स्नायू दुर्बळ होतात व धाप अधिकच वाढते. वैद्यकीय सल्ल्याने रोज झेपेल तेवढे चालावे.

३) धोक्याच्या खुणा : धाप किंवा बेडका नेहमीपेक्षा वाढल्यास, अथवा बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाल्यास त्वरित डॉक्टरांस कळवावे. ओठ निळसर होणे, गुंगी येणे, असंबद्ध बोलणे ही तत्काळ रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. घरी ऑक्सिजन चालू असल्यास त्याचा प्रवाह स्वतःहून वाढवू नये. अशा काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो.

अशा शिक्षणाचे फळ कॅनडातील क्वेबेक प्रांतात दिसून आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात शिक्षण व नियमित पाठपुरावा लाभलेल्या रुग्णांचे या विकारासाठी दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अशाच स्वरूपाचा अभ्यास, शिक्षण मिळालेल्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने मध्येच थांबवावा लागला. स्वतःची काळजी स्वतः घेणे हा वैद्यकीय देखरेखीस पर्याय नव्हे, हाच यातील बोध.

देणगीतून आलेले यंत्र सर्वांच्या नजरेस पडते; इन्हेलर ओढण्याची रीत पुन्हापुन्हा समजावणाऱ्या परिचारिकेचा अर्धा तास पडत नाही. रुग्णाचा श्वास मात्र त्या अर्ध्या तासावरही तितकाच अवलंबून असतो. दानशूर हितचिंतकांनी या कार्यासही हातभार लावावा, ही नम्र विनंती.