आरोग्य : घर हलते तेव्हा अभ्यासही हलतो

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा महामार्ग यांसाठी इथल्या जमिनी घेतल्या गेल्या. वाढवण बंदरामुळे किनाऱ्यावरचे मच्छीमार चिंतेत आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा अनेक कुटुंबांनी घराबाहेर रात्री काढल्या. मोबदल्याची चर्चा आपण करतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मनाचे काय झाले, हे मात्र विचारत नाही.

मनावर काय होते?
राहते घर गेले की सुरक्षित वाटेनासे होते. झोप मोडते. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होत असते, म्हणून झोप मोडली की वाचलेले टिकत नाही. धडधड, डोकेदुखी, पोटदुखी, चिडचिड, एकटे राहणे ही इतर लक्षणे.

अभ्यासावर काय होते?
कॉलेज लांब पडते, भाडे वाढते. घरखर्चासाठी काही जण कारखान्यात कामाला लागतात. हजेरी कमी पडते, परीक्षेचा अर्ज राहून जातो. मग "मला जमत नाही" म्हणत शिक्षण सुटते. घरचे याला आळस म्हणतात. खरे तर तो दुःखाचा आणि धास्तीचा परिणाम असतो.

आपण काय करावे?
१. झोपेची आणि अभ्यासाची वेळ ठरवा. नव्या घरात जागा नसेल तर शाळेची खोली, समाजमंदिर किंवा विहार संध्याकाळी अभ्यासासाठी उघडा.
२. हजेरी कमी पडण्याआधीच प्राध्यापकांना अडचण सांगा.
३. जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि रहिवासी दाखला एकाच पिशवीत जपा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४२ नुसार अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षणाचे लाभ पुनर्वसनाच्या ठिकाणीही चालू राहतात.
४. वसतिगृह मिळाले नाही तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींच्या अटी पाहून अर्ज करा.
५. लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर सरकारी रुग्णालयात दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येते.
६. कोणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका, लगेच मदत मिळवा.

आपल्या पाड्यात कोणी कॉलेजला जाणे थांबवले असेल, तर याच आठवड्यात त्याच्या घरी जा. रागावू नका, आधी त्याचे ऐका.