रक्त थांबलं म्हणजे मूळव्याध बरी झाली?

आतड्याचा कॅन्सर विलायतेतल्या मांसाहारी लोकांना होतो, आपण ज्वारीची भाकरी खाणारे, आपल्याला कसला होतोय! मराठवाड्यात हा समज पक्का आहे, आणि पंचाईत अशी की तो निम्मा खरा आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) कॅन्सरची नोंदणी १९७८ पासून होते, बार्शीच्या खेड्यांमध्ये १९८७ पासून. दोन्हीकडे हा कॅन्सर तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मागेच राहिला. देशात लाखामागे वर्षाला साधारण ५ नवे रुग्ण, तर ऑस्ट्रेलियात आणि उत्तर युरोपात ३० च्या वर. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट या सर्जननं १९७१ मध्ये आफ्रिकेतल्या अशाच कमी प्रमाणाचं श्रेय जेवणातल्या चोथ्याला दिलं, आणि ते बऱ्याच अंशी टिकलं. पण परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांमध्ये प्रमाण वाढतं. म्हणजे ही राखण रक्तातली नव्हे, राहणीतली. आणि आपलं ताट तर इथे बसल्या जागीच बदललंय.

शिवाय लाखात ५ हा हिशेब सगळ्या समाजाचा. ज्याला शौचावाटे रक्त पडतंय, तो त्या लाखातून केव्हाच बाजूला निघाला. आपल्याकडे गुदाशयाच्या, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या १५ सेंटिमीटरमधल्या गाठींचा वाटा मोठा, आणि रुग्णांत पन्नाशीच्या आतले पुष्कळ. देशच तरुण, म्हणून रुग्ण तरुण दिसतात, असा आक्षेप घेतात. तो रास्त आहे. पण पस्तिशीच्या माणसाची गाठ त्यानं विरघळत नाही. वय कमी म्हणून त्याला मूळव्याधच ठरवतात, तेही न तपासता. मग सुरणाची भाजी, मोबाइलवर आलेला नागकेशर-लोण्याचा उपाय, ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’वाल्याची पाटी. चिकट पडलं की आव समजून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल. यातलं काहीही केलं तरी रक्त थांबतं, कारण गाठीचं रक्त मुळात थांबून थांबूनच येतं. श्रेय सुरणाला जातं, गाठ वाढत राहते.

मग काय सगळ्यांनी दुर्बीण घालून घ्यायची? मुळीच नाही. प्रमाण इतकं कमी असताना, घरात कुणाला हा आजार नसेल आणि त्रासही नसेल, तर सरसकट कोलोनोस्कोपीचा आग्रह मी धरणार नाही. रक्त बहुतेकदा मूळव्याधीचं किंवा फिशरचंच निघतं, तेव्हा घाबरून जाऊ नका. फक्त ते तपासून ठरू द्या. खालच्या भागातली गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. एक मिनिटाचं काम. डॉक्टर नुसतं ऐकून मलम लिहून देत असतील तर ‘आतून तपासा’ म्हणा, लाजू नका. रक्त येत-जात राहिलं, पोटाची सवय बदलून तीन-चार आठवडे झाले, जाऊन आल्यावरही साफ झाल्यासारखं वाटेना, वजन उतरलं, तर बोटावर न थांबता दुर्बीण करा. आणि घरातल्या आजोबांचं हिमोग्लोबिन ८ आलं की लोहाच्या गोळ्या आणून मोकळे होऊ नका. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने डोळ्यांना न दिसणारं रक्त गाळत असते. ती गाठ बोटाला लागत नाही, आणि तिचं रक्त शौचाच्या भांड्यातही दिसत नाही.