झटका येतो, पण मिरगी नाही

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत, समजा साकोलीला किंवा पवनीला, प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी कोसळते. डोळे घट्ट मिटलेले, हातपाय झाडते आहे. कोणी कांदा आणायला धावतो, कोणी चप्पल हुंगवतो. संध्याकाळपर्यंत ‘मिरगी’ हा शब्द गावभर होतो. पण ही मिरगीच, हे ठरवले कोणी?

मिरगीत, म्हणजे अपस्मारात, मेंदूतल्या असंख्य पेशी एकदमच विद्युत्-संदेश सोडू लागतात. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम टिपला. यालाच आपण ईईजी म्हणतो. डोक्याच्या कातडीवरचा हा विद्युत्-दाब व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो!

काही जणांचा झटका ऐन भरात असतानाही आलेखात मिरगीच्या लहरी उमटत नाहीत. हे मनोजन्य झटके. मात्र दोन झटक्यांमधल्या वेळेत मिरगीच्या रोग्याचा आलेखही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष झटका चालू असताना आलेख आणि चित्रफीत एकदम घेतात. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. जवळ कोणी मोबाइलवर झटका टिपला असेल, तर तोही डॉक्टरांना उपयोगी पडतो. मिटलेले डोळे किंवा लांबलेला झटका या खुणा नुसत्या सुचवतात, सिद्ध करत नाहीत. शिवाय एकाच रोग्याला दोन्ही प्रकारचे झटके असू शकतात.

मग ही मुलगी ढोंग करते काय? मुळीच नाही. लाजेने तुमचा चेहरा लाल होतो, तो काय तुम्ही ठरवून करता? तसाच हा ताबा तिच्या नकळत सुटतो.

निदानानंतर पुढे काय होते? बॉनच्या डॉक्टरांनी २००२ साली दाखवले, की झटके सुरू झाल्यापासून खरे निदान होईपर्यंत सरासरी ७ वर्षे गेली होती. तोवर बहुतेकांच्या पोटात मिरगीची औषधे जातात. त्यांनीच २००३ मध्ये १६४ प्रौढ रोग्यांची माहिती दिली. निदानाला सरासरी ४ वर्षे होऊनही १०० पैकी ७१ जणांना झटके येतच होते. याउलट स्कॉटलंडमधील २०१० च्या अभ्यासात निदानानंतर वर्षाच्या आतच १०० पैकी सुमारे ३८ जणांचे झटके थांबले. दोन्ही गट वेगळे, तेव्हा घाईने तुलना नको. तरी निदान नीट समजावून सांगणे हाच उपचाराचा आरंभ आहे, असे मला वाटते. ‘तुला काही झालेले नाही’ हे काही समजावणे नव्हे.

ब्रिटनमध्ये ३६८ रोग्यांवर मानसोपचाराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. वर्षाअखेरीस झटक्यांच्या संख्येत मानसोपचार न मिळालेल्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही, पण रोजचे जगणे सुधारले होते. नुसते झटके मोजून बरे होणे कळत नाही, ते असे. मुलांमध्ये मात्र झटके थांबण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा चांगले असते. परीक्षा, घरातले भांडण, वर्गातली चिडवाचिडवी यांचा शोध लवकर लागला तर अधिकच.

आणि चुकीचे लेबल साधे नसते. हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही विवाहाला अडचण मानली जाई. ती तरतूद १९९९ मध्ये निघाली, गावातली कुजबुज अजून निघायची आहे.

शाळेत झटका आला तर गर्दी हटवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा. निदान बदलले तरी चालू गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.