सैल झालेला गिअर

प्रस्तावना

तुमच्यापैकी काहीजण गॅरेजमध्ये काम करीत असतील, काहीजण गाडी चालवून घर चालवीत असतील, तर काहींनी मोटारीचे बॉनेट कधी उघडूनही पाहिले नसेल. हा पाठ या सर्वांसाठी आहे. हे माहितीपर लेखन आहे. यंत्रातील दोषाचे मूळ कसे शोधावे आणि तो कसा दूर करावा, हे येथे सांगितले आहे. वाचताना प्रत्येक विधानामागचे कारण शोधत चला.

मूळ पाठ

काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीचा गिअर टाकणे म्हणजे अंदाजाचा खेळ झाला होता. दांडा न्यूट्रलमध्ये असताना वाटीत घोळणाऱ्या डावासारखा चहूकडे फिरे. एकदा घाटातील चढावर पहिला समजून मी जो गिअर टाकला, तो तिसरा निघाला. गाडी धक्का देऊन बंद पडली आणि मागे सरकू लागली. मागे मालाने भरलेला ट्रक होता. हातब्रेक वेळेवर ओढला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला नेली, तेव्हा गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागेल असे सांगण्यात आले. खर्चाचा जो आकडा कानी आला, तो माझ्या महिन्याच्या पगाराहून अधिक होता.

आमच्या शेजारी एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्यांनी दांडा हाताने एकदा हलवून पाहिला, गाडीखाली वाकून नजर टाकली आणि म्हणाले, “बाई, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला प्रकार होईल.”

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी गिअरची रचना पाहिली पाहिजे. मारुती ८०० या गाडीचे उदाहरण घेऊ. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेल्या या मोटारीत इंजिन व गिअरबॉक्स पुढच्या बाजूला असतात, तर गिअरचा दांडा चालकाच्या डाव्या हाताशी असतो. दोहोंमधील अंतर गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या लोखंडी सळ्यांनी जोडलेले असते. या सळ्यांच्या सांध्यांत रबराचे किंवा नायलॉनचे लहानसे नळकांडे बसविलेले असते. त्यालाच बुश म्हणतात. लोखंडावर लोखंड घासू नये, कंपने हातापर्यंत पोहोचू नयेत, हे त्याचे काम. पाणी, चिखल, इंजिनाची उष्णता आणि वर्षांनुवर्षांची घासाघीस यांनी बुश झिजते, फाटते, कधी त्याचा भुगा होऊन ते गळून पडते. मग भोकात पिन मोकळी हलू लागते.

येथे थोडे गणित करू. समजा, चार सांधे आहेत आणि प्रत्येकात अवघा अर्धा मिलिमीटर सैलपणा आला आहे. एकूण झाले दोन मिलिमीटर. आता दांड्याची वरची मूठ त्याच्या टेकूपासून ३० सेंटिमीटर आणि खालचा सांधा टेकूपासून ६ सेंटिमीटर अंतरावर असेल, तर तरफेच्या नियमाने खालची हालचाल वर पाचपट होते. म्हणजे हाताला पूर्ण एक सेंटिमीटर सैलपणा जाणवतो. डोळ्यांना न दिसणारी झीज चालकाला हैराण करते ती अशी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींमध्ये (त्यांतील शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली) गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. तेथून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांचे सांधे झिजले की, दांडा कोणत्या घरात गेला हे चालकाला सवयीनेच ओळखावे लागे.

मात्र प्रत्येक तक्रारीचे मूळ सळ्यांत नसते. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण सुरू असताना अडतात किंवा करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा संशय घ्यावा. एकच ठरावीक गिअर टाकताना आवाज येतो किंवा तो चालत्या गाडीत आपोआप निसटतो, तर दोष गिअरबॉक्सच्या आत असण्याचा संभव अधिक. (निसटण्याला सळ्यांची चुकीची जुळणीही कारण होते, म्हणून आधी तीच पाहावी.) ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना दांडा पुढेमागे उडी घेत असेल, तर इंजिनाला धरून ठेवणारी रबरी माउंटिंगे तपासावीत. आणि दांडा सर्वच गिअरमध्ये सारखा लुळा हलत असेल, तर सांधे.

तपासणी सोपी आहे, पण दोन माणसे हवीत. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक ओढावा आणि चाकांना ओट लावावी. गाडी उचलायची असेल तर ती घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. घाईत किंवा घोडी नाही म्हणून हा नियम मोडणारे लोक जीव गमावतात. मग एकाने गिअर टाकून दांडा हलकेच पुढेमागे करावा आणि दुसऱ्याने खालून पाहावे. गिअर पडलेला असल्याने गिअरबॉक्सकडचे टोक जवळजवळ स्थिर राहते. ज्या सांध्याच्या एका बाजूची सळी हलते आणि दुसऱ्या बाजूची हलत नाही, तेथेच झीज आहे.

सांधा उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुन्हा जोडताना जुळणी चुकत नाही. नट-बोल्ट काढून जुने बुश बाहेर ढकलावे आणि भोक तारेच्या ब्रशने स्वच्छ करावे. आता घाई करू नये. बोल्ट बोटांत फिरवून पाहावा. त्यावर खाच पडली असेल किंवा सळीचे भोक लंबगोल झाले असेल, तर नवे बुशही थोड्याच दिवसांत खिळखिळे होईल. असा भाग बदलणेच योग्य. नवे बुश शेगड्यात धरून सरळ दाबावे. हातोड्याने ठोकल्यास ते तिरके बसते. रबरी बुशाला साधे ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. बसविताना साबणाचे पाणी पुरते. काढलेली कॉटर पिन पुन्हा वापरू नये. सर्व गिअर आधी इंजिन बंद ठेवून आणि नंतर सुरू करून टाकून पाहावेत.

मिस्त्रींनी आमच्या गाडीचे दोन बुश व एक बोल्ट बदलला. सामानाची किंमत घरातल्या आठवड्याच्या भाजीएवढीही झाली नाही. मजुरी विचारली तेव्हा ते म्हणाले, “चहा पाजा.” मी त्यांना चहाबरोबर पैसेही दिले, कारण त्या दिवशी त्यांच्या हातांनी केलेल्या कामापेक्षा त्यांनी टाळलेले काम अधिक मोलाचे होते.

भाषाभ्यास

‘सैल’, ‘ढिला’, ‘लुळा’ आणि ‘खिळखिळा’ हे शब्द जवळच्या अर्थाचे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. सदरा सैल असतो, पण खिळखिळा नसतो. खाट खिळखिळी होते. कारभार ढिला असतो. हात लुळा पडतो. पाठात यांपैकी कोणता शब्द कशासाठी आला आहे ते शोधा आणि प्रत्येकाचा आपल्या अनुभवातील एका वस्तूविषयी वाक्यात उपयोग करा.

स्वाध्याय

१. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात. यावरून क्लचचा संशय का घ्यावा?

२. पाठातील उदाहरणात सांधे सहा असते, तर मुठीपाशी किती सैलपणा जाणवला असता?

३. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मिस्त्रींनी का वापरली? तुमच्या कामात असा प्रसंग आला असल्यास दहा ओळींत लिहा.